फेरोंचं वेड आणि एक जुनं मस्टर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारा वर्षांच्या लेकीला ममी, पिरॅमिड आणि तुतनखामेनचं वेड लागलंय, येत्या जानेवारीत इजिप्तला जायचं घाटतंय, पण तीन-चार हजार वर्षांपूर्वी मेलेल्या फेरोंत, म्हणजे तिथल्या राजांत, लोकांना एवढं काय दिसतं हे तुम्हाला काही केल्या उमगत नाही. सोनं, शाप आणि सिनेमा सोडून त्यात आणखी काही आहे का?

मी सोळा वर्षं मराठी मंडळींचे गट घेऊन तिकडे जातोय. सुरुवातीला मी गिझाला बसमधून उतरलो की आकडे सांगत सुटायचो. मूळ उंची १४६ मीटर, दगड सुमारे २३ लाख, सरासरी वजन अडीच टन. लोक ‘बापरे’ म्हणायचे, फोटो काढायचे आणि पंधरा मिनिटांत चहा कुठे मिळेल ते विचारायचे. दोष त्यांचा नव्हता. आकड्यांची ओळख होत नसते.

खरी गोष्ट मला एका सहप्रवाशाने दाखवली. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, सगळी नोकरी मस्टर सांभाळण्यात गेलेली. लक्सरला नाईलच्या पश्चिम काठावर, डोंगराच्या कुशीत देर-अल-मदिना नावाचं एक पडकं गाव आहे. बघायला काय, तर घरांचे पाये आणि कमरेएवढ्या भिंती. राजांच्या खोऱ्यातल्या कबरी खोदणारे, रंगवणारे कारागीर तिथे पिढ्यानपिढ्या राहत होते. पपायरस महाग, म्हणून त्यांचा रोजचा लिखापढीचा व्यवहार चुनखडीच्या चिपांवर आणि फुटक्या खापरांवर चाले. तशा एका चिपेचा फोटो मी जवळ ठेवतो. मूळ चीप लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. रामसेस दुसरा याच्या राजवटीच्या ४० व्या वर्षातली ती हजेरी आहे. सुमारे ४० कामगारांची नावं, त्यापुढे काळ्या शाईत गैरहजेरीच्या तारखा आणि वर लाल शाईत कारणं. विंचू चावला. डोळे आलेत. बीअर गाळतोय. आईच्या प्रेताला पट्ट्या गुंडाळतोय. घर बांधतोय. काही ठिकाणी कारण एवढंच, की तो साहेबांबरोबर आहे.

हे शेवटचं मी वाचून दाखवलं आणि आमचे मस्टरवाले काका तिथल्या दगडावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ‘साहेबांच्या घरचं काम! अहो, मी तीस वर्षं हेच लिहीत आलो, फक्त लाल शाईत नाही.’ मग ते उठले आणि प्रत्येक घराच्या पायापाशी थांबून इथे कोण राहत होतं ते विचारू लागले. बऱ्याच घरांच्या बाबतीत ते सांगताही येतं. त्या दिवशी बस तासभर उशिरा निघाली.

फेरोंचं वेड कुठून येतं असं मला कुणी विचारलं, तर मी त्या चिपेकडे बोट दाखवतो. लोक जातात राजासाठी आणि अडकतात माणसांत. यातली गंमत अशी, की राजांनी जे जिवापाड जपायला सांगितलं होतं ते बहुतेक लुटलं गेलं आणि कुणी तरी उकिरड्यावर फेकलेलं आपल्याला मिळालं. देर-अल-मदिनाजवळ एक प्रचंड खड्डा आहे, सुमारे ५० मीटर खोल. बहुधा विहीर म्हणून खणायला घेतला होता, पाणी काही लागलं नाही, मग गावाने त्यात कचरा टाकायला सुरुवात केली. गेल्या शतकात फ्रेंच पथकाने तो उपसला, तेव्हा त्यातून लिहिलेल्या हजारो चिपा निघाल्या. उसनवारीचे हिशेब, गाढव भाड्याने दिल्याच्या भांडणाच्या नोंदी, धोब्याच्या याद्या. फसलेल्या विहिरीचा असा उपयोग झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आता याच्या उलट बाजू बघा. गिझाचा सगळ्यात मोठा पिरॅमिड ज्याचा, त्या खुफूचा नाव कोरलेला एकच पूर्ण पुतळा आज आपल्याकडे आहे. हस्तिदंताचा, जेमतेम साडेसात सेंटिमीटर. १९०३ मध्ये पेट्री या पुरातत्त्वज्ञाला तो अबायडॉसला सापडला, तोही आधी मुंडक्याविना. मग त्याने मजुरांना माती पुन्हा चाळायला लावून डोकं शोधलं. पिरॅमिडच्या पोटात बघायला गेलात तर रिकामी ग्रॅनाइटची पेटी आहे, बस्स. भिंतीवर चित्र नाही, लेख नाही. वाकून वाकून चढावं लागतं आणि आत श्वास कोंडतो. गुडघे दुखत असतील तर तिकिटाचे पैसे वाचवा, मुलीला मात्र जाऊ द्या.

पण त्याच खुफूच्या काळातली एक डायरी २०१३ मध्ये सापडली. तांबड्या समुद्राच्या काठावर, वादी-अल-जर्फ नावाच्या जुन्या बंदराच्या गुहांपाशी, फाटक्या पपायरसच्या तुकड्यांत. लिहिणाऱ्याचं नाव मेरेर. हाताखाली चाळीसेक माणसं आणि काम तुराच्या खाणीतले पांढरे चुनखडीचे दगड नावेत भरून गिझाला पोचवण्याचं. आज खाणीत मुक्काम, आज दगड भरले, आज नदीवर, उद्या खुफूच्या पिरॅमिडपाशी. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. एखाद्या मुकादमाची वही असावी तितकी रूक्ष. पिरॅमिड परग्रहावरच्या लोकांनी बांधले असं सांगणारा सहलीत दर वेळी एक तरी भेटतोच. त्याच्याशी वाद न घालता मी मेरेरची गोष्ट सांगतो. परग्रहवाल्यांना तुराहून खेपा माराव्या लागल्या नसत्या. राहिला ‘गुलामांनी बांधले’ हा समज, तर १९९० पासून पिरॅमिडजवळच त्या कामगारांच्या कबरी सापडत गेल्यात. राजाच्या कबरीशेजारी मानाने पुरलेल्या माणसांना गुलाम कोण म्हणेल? शिवाय कामाच्या टोळ्यांना नावं होती. एका टोळीचं नाव ‘मेनकाउरेचे पियक्कड’ अशा अर्थाचं आहे, मेनकाउरे म्हणजे गिझाच्याच तिसऱ्या पिरॅमिडचा राजा. गणेशोत्सवातल्या ढोल पथकाला शोभेल असं.

आपल्या उपखंडातली हडप्पा संस्कृती साधारण याच काळातली. खुफूचा पिरॅमिड उभा राहत होता तेव्हा मोहेंजोदडोत आखीव रस्ते आणि गटारं होती. पण तिथल्या एकाही राजाचं, व्यापाऱ्याचं किंवा मुकादमाचं नाव आपल्याला ठाऊक नाही, कारण लिपी वाचता येत नाही. इजिप्तची लिपीही चौदाशे वर्षं अशीच मुकी होती. चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख फिली बेटावर इसवी सन ३९४ मध्ये कोरला गेला. नंतर ती वाचणारं कुणी उरलं नाही. १७९९ मध्ये नेपोलियनच्या सैनिकांना रोझेटाची शिळा सापडली. तीवर एकच फर्मान तीन लिप्यांत होतं. वर चित्रलिपी, मध्ये डेमॉटिक आणि खाली ग्रीक. डेमॉटिक म्हणजे आपली मोडी समजा, हात न उचलता झरझर कागद संपवायला काढलेली. १८२२ मध्ये शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाने ते कुलूप उघडलं. राजाचं नाव लंबगोल चौकटीत लिहायची पद्धत होती, तिथून त्याला धागा मिळाला. लेकीला जायच्या आधी त्या चौकटीतली चार-पाच नावं ओळखायला शिकवा. लक्सरच्या कर्नाक मंदिरातल्या खांबांवर रामसेसचं नाव तिने स्वतः ओळखलं, की तुमची सहल वसूल झाली समजा. रामसेसने ते इतक्या ठिकाणी, आणि कधी कधी दुसऱ्यांच्या पुतळ्यांवरसुद्धा, कोरून ठेवलंय की न सापडणं कठीण.

जाता जाता ‘फेरो’ या शब्दाबद्दल. मूळ शब्द ‘पेर-आ’, अर्थ मोठं घर, म्हणजे राजवाडा. आपण ‘वाड्यावरून निरोप आला’ म्हणतो तसं. पुढे वाड्याचं नाव वाड्यात राहणाऱ्याला चिकटलं, पण ते खुफूच्या कितीतरी नंतर, अठराव्या राजघराण्याच्या काळात. म्हणजे आपण ज्याला फेरो म्हणतो त्या खुफूला स्वतःला ही पदवी माहीतच नव्हती. काळाचा आवाका इतका मोठा आहे, की क्लिओपात्रा आणि आपल्या नाणेघाटातला सातवाहनांचा शिलालेख ढोबळमानाने एका काळातले, आणि तेव्हा पिरॅमिड अडीच हजार वर्षांचा म्हातारा झालेला होता.

तुतनखामेनवर येतो, कारण तुमची मुलगी तिथेच थांबलेली असणार. हा पोरगा आठ-नऊ वर्षांचा असताना गादीवर बसला आणि अठरा-एकोणीसचा असताना गेला. नंतरच्या राजांनी त्याचं नाव याद्यांतून गाळलं. त्याची कबर वाचली ती यामुळेच. त्याच्या दारात चोर दोनदा शिरले, पण ते लवकरच पुन्हा लिंपून टाकलं गेलं. पुढे पुराचा राडारोडा साचला आणि सुमारे दोनशे वर्षांनी शेजारी रामसेस सहावा याची कबर खोदणाऱ्यांनी त्या ढिगावरच आपल्या झोपड्या बांधल्या. खाली राजा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. ४ नोव्हेंबर १९२२ रोजी हॉवर्ड कार्टर या इंग्रज पुरातत्त्वज्ञाच्या माणसांना पहिली पायरी लागली. आतून ५,३९८ वस्तू निघाल्या आणि त्या काढायला दहा वर्षं लागली. सगळ्यात आतली शवपेटी ११० किलो सोन्याची. ही चार खोल्यांची, घाईत उरकलेली, विसरलेल्या पोराची कबर. मग मोठ्या राजांच्या कबरींत काय असेल याचा हिशेब प्रत्येक जण मनातल्या मनात करतोच.

त्या हिशेबाचं थोडं उत्तर चोरांनीच लिहून ठेवलंय. रामसेस नववा याच्या १६ व्या वर्षी पकडलेल्या अमेनपानुफेर या दगडफोड्याचा कबुलीजबाब पपायरसवर आहे. त्याने आणि साथीदारांनी सोबेकेमसाफ या जुन्या राजाची आणि त्याच्या राणीची कबर फोडली, अंगावरचं सोनं ओरबाडलं, शवपेट्या पेटवून दिल्या. आठ जणांत १६० देबेन सोनं वाटलं, वाट्याला प्रत्येकी २०. एक देबेन म्हणजे साधारण ९१ ग्रॅम. त्या चोरीनंतर तो आधीही एकदा पकडला गेला होता, तेव्हा आपला वाटा त्याने एका कारकुनाला दिला, सुटला आणि साथीदारांकडे परत गेला. त्यांनी प्रामाणिकपणे त्याची भरपाई करून दिली. हा भाग सांगितला की बसमध्ये कुणी ना कुणी ‘म्हणजे तेव्हापासून’ म्हणतंच.

सोन्याच्या मुखवट्यापुढे सगळेच उभे राहतात, राहावंच. तो आता गिझाजवळच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात ते पूर्णपणे खुलं झाल्यापासून तुतनखामेनचा सगळा खजिना प्रथमच एकत्र मांडलाय. पण मुलीला तिथल्या काठ्यांकडेही न्या. शंभराहून अधिक काठ्या कबरीत होत्या आणि त्यांत एक साधी बोरूची काठी होती, सोन्याची मूठ लावलेली. ती महाराजांनी स्वतःच्या हाताने तोडली, असं तिच्यावर लिहिलंय. एखाद्या मुलाने ओढ्याकाठी काठी तोडावी आणि घरच्यांनी ती कायमची सांभाळून ठेवावी, तसं. मला त्या ११० किलो सोन्यापुढे कधी गलबलून आलं नाही, या काठीपुढे दर वेळी येतं. त्याच कबरीत दोन चिमुकल्या शवपेट्यांत, जन्माआधीच गेलेल्या दोन मुलींचे देह होते. बहुधा त्याच्या मुली.

शापाचं प्रकरण मी दोन मिनिटांत उरकतो. दारावर शाप-बिप काही लिहिलेला नव्हता. कार्टरच्या उत्खननाला पैसा पुरवणाऱ्या लॉर्ड कार्नार्वनला डास चावला, दाढी करताना ती जागा कापली, संसर्ग रक्तात गेला आणि न्यूमोनिया होऊन तो एप्रिल १९२३ मध्ये कैरोत वारला. तोवर बातम्यांचे हक्क त्याने लंडनच्या एकाच वृत्तपत्राला दिलेले होते. बाकीच्यांना छापायला काहीच नव्हतं, त्यांनी शाप छापला. खुद्द कार्टर १९३९ पर्यंत जगला आणि कबरीत पहिल्यांदा शिरलेल्यांपैकी कार्नार्वनची मुलगी एव्हलिन १९८० पर्यंत.

ममी या शब्दाचा आईशी संबंध नाही, हे मुलांना आधी सांगावं लागतं. तो फारसी ‘मोम’, म्हणजे मेण, यावरून आलाय. ‘मोमियाई’ हे त्याचंच जुन्या हकिमी औषधातलं रूप. कृती सांगायची तर स्वयंपाकघरातल्या भाषेत सोपी आहे. वाळवंटात मिळणारा नेट्रॉन नावाचा खार म्हणजे आपल्या पापडखाराचाच भाऊबंद, त्यात मीठ मिसळलेलं. पोटातले अवयव काढायचे, हृदय तसंच ठेवायचं, मेंदू नाकावाटे आकडीने ओढून फेकून द्यायचा, मग चाळीसेक दिवस या खारात पुरून ठेवायचं. कोकणातल्या बायकांना हे दोन वाक्यांत समजतं. तेल, राळ, तागाच्या पट्ट्या धरून सगळे मिळून सत्तर दिवस.

आणि हे करतानाही माणसं चुकायचीच. २०१२ च्या शेवटी मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमचं ममीचं प्रदर्शन आलं होतं, तुमच्यापैकी कुणी पाहिलंही असेल. नेस्परेन्नुब नावाचा कर्नाकचा पुजारी. पट्ट्या न सोडता त्याची स्कॅनिंगने तपासणी झाली, तेव्हा डोक्यामागे एक मातीची वाटी चिकटलेली दिसली. राळ ओतताना खाली ठेवलेली ती वाटी वाळून डोक्याला बसली असणार. काढायचा प्रयत्न केल्याच्या खुणा आहेत, निघेना म्हणून पट्ट्या गुंडाळून मोकळे झाले. नातेवाइकांना कळलं नाही, देवांना कळलं की नाही ते माहीत नाही, पण अठ्ठावीसशे वर्षांनी मुंबईकरांना कळलं.

राजांच्या ममी आता कैरोत फुस्तातच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. ३ एप्रिल २०२१ रोजी बावीस जणांची, अठरा राजे आणि चार राण्यांची, रस्त्यावरून मिरवणूक काढून त्यांना तिथे नेलं. त्या दालनात फोटोला बंदी आहे, आणि ते बरंच आहे. अंधाऱ्या उतरणीवरून खाली जाताना मराठी गटसुद्धा आपोआप हळू बोलायला लागतो. रामसेस दुसरा तिथे आहे. ६६ वर्षं राज्य, नव्वदीच्या आसपासचं वय, बाकदार नाक, केसांना मेंदीचा लालसर रंग. १९७६ मध्ये बुरशी लागली म्हणून त्याला विमानाने पॅरिसला नेलं आणि तिथे लष्करी मानवंदना देऊन उतरवून घेतलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा त्याचा ‘पासपोर्ट’ मात्र कुणी तरी संगणकावर बनवलेला आहे, तेवढा पुढे पाठवू नका. आपल्याशी त्याचा खरा धागा नाकात आहे. त्याच्या नाकपुड्यांत मिरीचे दाणे भरलेले सापडले. तो गेला इसवी सन पूर्व १२१३ मध्ये, आणि मिरी तेव्हा पिकायची ती आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला. मलबारच्या वेलीवरचा दाणा कुणाकुणाच्या हातांतून नाईलपर्यंत पोचला, त्याची वही मेरेरसारखी कुणी लिहिली असती तर! हे सांगितलं की बायका नक्की विचारतात: अख्खी मिरी की कुटलेली? अख्खी.

या वेडाबद्दल आणखी एक. ते नवीन नाहीच. याच रामसेसचा मुलगा खाएमवासेत हजार-बाराशे वर्षं जुने पिरॅमिड दुरुस्त करत आणि त्यांवर मूळ मालकांची नावं पुन्हा कोरत हिंडला. ग्रीक-रोमन काळात राजांच्या खोऱ्यात पर्यटकांची रीघ असायची आणि त्यांनी भिंतींवर दोन हजारांवर नावं-गावं खरडलीत. रामसेस सहावा याच्या कबरीत एकाने लिहिलंय, की शवपेटी सोडली तर मला काही आवडलं नाही. दुसऱ्याची तक्रार, की ही लिपी मला वाचता येत नाही. तिकीट काढून आत जाल तेव्हा हे शोधा. आपण एकटेच घामाघूम होऊन गोंधळलेले नाही, याचा धीर येतो.

तर तुमच्यासाठी. जानेवारी उत्तम, पण पश्चिम काठावर सकाळी दार उघडताच पोचा, दहानंतर बसेसची गर्दी होते. खोऱ्यात सर्वसाधारण तिकिटात तीन कबरी बघता येतात. तुतनखामेनचं तिकीट वेगळं. कबर छोटी आहे, पण त्याचा देह अजून तिथेच आहे, म्हणून मुलीसाठी काढा. रामसेस सहावा चुकवू नका. आणि देर-अल-मदिनाला अर्धा दिवस ठेवा. तुमचा स्थानिक गाइड म्हणेल की तिथे बघण्यासारखं काही नाही, अलाबास्टरच्या दुकानात चला. ऐकू नका. आधी गावातून फिरा, मग वरच्या अंगाला सेन्नेजेमच्या कबरीत जा. राजांच्या कबरी रंगवणाऱ्या गावातला हा कारागीर. घर खाली, कबर वर, चार पावलांवर. आत पिवळ्याधमक भिंतीवर तो आणि त्याची बायको परलोकातल्या शेतात नांगरतायत, कापणी करतायत, आणि दोघांच्या अंगावर पांढरेशुभ्र चुणीदार कपडे. शेती केलेलं कुणी बरोबर असेल तर त्यांना तिथे दोन मिनिटं जास्त उभं राहू द्या. उतरताना पायऱ्या उभ्या आहेत आणि दार बुटकं, डोकं तेवढं सांभाळा.